होल्डर हातात कधी येणार?



समोर बसलेल्यांना नमस्कार, आणि पडद्यापलीकडे इंदूर, हैदराबाद, बेळगाव, ग्वाल्हेर, सुरत, जिथे कुठे असाल तिथल्या सगळ्यांनाही. मी फौजेत ईएमईमध्ये होतो. रणगाड्यापासून रेडिओपर्यंत फौजेचं जे काही बिघडतं, ते दुरुस्त करणारी ही शाखा. आता निवृत्त होऊन वडोदऱ्यात राहतो. आठवड्यातून दोन दिवस एका आयटीआयमध्ये जातो. वेल्डर ट्रेडच्या मुलामुलींना पहिली नोकरी लागेपर्यंत, आणि लागल्यावर पुढचं वर्षभर, त्यांच्या मागे उभं राहायचं, एवढंच माझं काम.

हे काम मी का करतो, ते सांगायचं तर माझ्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

मी मेजर होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, पुढच्या भागातलं एक छोटं वर्कशॉप. एका गाडीचा टो-हुक तुटला होता आणि काफिला पहाटे निघणार होता. आमच्याकडे सातारा जिल्ह्यातला एक नाईक होता, ट्रेड वेल्डर. त्यानं वेल्डिंगचे रॉड हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "साहेब, रॉड ओले आहेत."

मी घाईत होतो. म्हटलं, "अरे, लागेल की. मार."

तो म्हणाला, "लागेल साहेब. टिकणार नाही."

त्यानं ओव्हन चालू केला, दोन तास रॉड भाजले आणि मग काम केलं. ७०१८ नावाचा रॉड असतो. त्याच्या लेपानं दमट हवेतलं पाणी ओढलं, की आर्कच्या उष्णतेत त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो. वरून जोड छान दिसतो आणि काही तासांनी आतून तडकतो. हे मी इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्या रात्री ते त्याला आठवलं, मला नाही. काफिला उशिरा निघाला, मी वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या, आणि हुक टिकला.

पुढे बऱ्याच वर्षांनी तोच माणूस हवालदार होऊन माझ्या युनिटमधून निवृत्त झाला. त्याच्या डिस्चार्जच्या कागदांवर माझी सही आहे. वर्तणूक उत्कृष्ट, काम उत्कृष्ट. चहापान झालं, फेटा बांधला, फोटो काढला. माझं कर्तव्य संपलं असं मला वाटलं.

मी स्वतः निवृत्त झाल्यावर एक दिवस वडोदऱ्यात एटीएममधून पैसे काढायला गेलो. बाहेरच्या वॉचमननं खाडकन सलाम ठोकला. "साहेब, ओळखलंत का?"

ओळखलं. पण काय बोलावं ते सुचेना. शेवटी विचारलंच, "अरे, तू इथं कसा? वेल्डिंग सोडलंस?"

तो म्हणाला, "साहेब, पेन्शनला आल्यावर एका कंपनीत गेलो होतो. त्यांनी पाइपचे दोन तुकडे दिले आणि अर्गॉननं रूट मारायला सांगितलं. मी सगळी नोकरी आर्कवर काढली, अर्गॉनचा टॉर्च कधी धरला नव्हता. तरी मारला. एक्स-रे काढला, नापास. बाजूला वीस-बावीस वर्षांची पोरं उभी होती. परत कुठं गेलो नाही, लाज वाटली."

मित्रांनो, त्याच्या निवृत्तीची तारीख आम्हाला आधीपासून माहीत होती. बाहेर गेटवर वेल्डरची कसली परीक्षा घेतात, हे त्या काळात एकानंही विचारलं नाही. मीही नाही. अर्गॉनचा टॉर्च दोन-तीन महिने त्याच्या हातात दिला असता, तर तो माणूस एटीएमच्या दारात स्टूल टाकून बसला नसता. फौजेत आम्ही शत्रूच्या प्रदेशाची टेहळणी केल्याशिवाय पाऊल टाकत नाही. आणि आमच्याच माणसाला टेहळणीशिवाय बाहेर पाठवलं.

आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोरांचंही नेमकं हेच होतं, फक्त वीस वर्षं आधी. म्हणून आज ती टेहळणी तुमच्यासमोर मांडतो.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे. आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो. वर्षाअखेरीस परीक्षा होऊन राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. घरचे पेढे वाटतात. मुलगा फाइल घेऊन फॅब्रिकेशनच्या कारखान्यात जातो. गेटवर ते प्रमाणपत्र बघतात, कारण त्याशिवाय आत घेत नाहीत. पण आत गेल्यावर त्याच्या टक्क्यांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. क्वालिटीचा माणूस पाइपचे दोन तुकडे पुढे करतो. कडा तिरप्या घासलेल्या असतात. "जोडून दाखव."

या तुकड्यांना कूपन म्हणतात, आणि ते कसे धरलेत यावर परीक्षेचं नाव ठरतं. प्लेट टेबलावर सपाट ठेवून वरून वेल्डिंग केलं, तर १-जी. भिंतीसारखी उभी प्लेट आणि आडवा जोड, तर २-जी. उभा जोड खालून वर चढवत न्यायचा, ते ३-जी. डोक्यावरचं, म्हणजे वितळलेला धातू अंगावर पडू न देता मारायचं, ते ४-जी. पाइप आडवा बांधून, न फिरवता मारायचा, तो ५-जी. आणि पाइप ४५ अंशांत तिरका बांधायचा, तोही न फिरवता, ते ६-जी. त्यात वेल्डरला पाइपभोवती फिरताना खालचं, उभं, डोक्यावरचं, सगळं एकाच जोडात करावं लागतं. म्हणून एएसएमई सेक्शन नाइनसारख्या संहितेत ६-जी पास झालेल्याला, जाडी आणि व्यासाच्या ठरलेल्या मर्यादेत, प्लेट आणि पाइप दोन्ही, सगळ्या स्थितींत चालतात.

आयटीआयमध्ये मुलाचा बहुतेक वेळ जातो सपाट प्लेटवर. गेटवर मागतात तिरका पाइप. या दोन्हींत जे अंतर आहे, तिथे मुलं पडतात. हुशार मुलंसुद्धा. आमच्याकडचा एक मुलगा ट्रेडमध्ये वर्गात पहिला होता. पहिल्याच टेस्टला पाइपच्या खालच्या बाजूला त्याचं रूट आत नीट उतरलंच नाही. तो घरी जाऊन आईला म्हणाला, "मला वेल्डिंग येत नाही." त्याला वेल्डिंग येत होतं, पाइप येत नव्हता. पाइप हा सरावाचा भाग आहे.

आता सरावाबद्दल. वेल्डिंग पाहून येत नाही. कारखान्यात नव्या पोराला आधी हेल्पर म्हणून घेतात. तो ग्राइंडर चालवतो, सिलिंडर ढकलतो, केबल ओढतो, वेल्डरनं मारलेल्या जोडावरचा स्लॅग ठोकून काढतो. हे सगळं शिकण्यासारखं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण दोन वर्षं तेवढंच केलं, तर हात जातो. आयटीआयमध्ये जे काही बसलं होतं, तेही निघून जातं. म्हणून पहिली नोकरी घेताना पगाराच्या आधी एक प्रश्न विचारा: होल्डर माझ्या हातात कधी येणार?

दोन मित्रांची गोष्ट सांगतो. दोघं एकाच बाकावरचे. एकाला ठेकेदारानं साइटवर नेलं. पैसे बरे होते, राहायला खोली होती. दुसरा एका मोठ्या कारखान्यात अॅप्रेंटिस झाला. त्याचं विद्यावेतन पहिल्याच्या पगारापेक्षा बरंच कमी. घरी रोज बोलणी खायचा, "तो बघ किती कमावतो." पहिला दोन वर्षांनी माझ्याकडे आला तेव्हा ग्राइंडिंगमध्ये पटाईत झाला होता, पण सरळ बीड त्याला ओढता येत नव्हतं. दुसऱ्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पाइपचे टाकाऊ तुकडे मिळायचे. तो रोज एक जोड मारायचा आणि फोरमनला दाखवायचा. फोरमन रोज नावं ठेवायचा. दीड वर्षांनी त्याच फोरमननं त्याला टेस्टला बसवलं. आज तो पाइप वेल्डर आहे. पहिल्याला आम्ही पुन्हा सरावाला बसवलं. तोही मार्गाला लागला, पण दोन वर्षं उशिरा. आणि ज्याच्यावर घर चालतं, त्याला दोन वर्षं फार जड असतात.

अॅप्रेंटिसशिपबद्दल नीट ऐका, कारण पालकांना ही पायरी वाया घालवलेलं वर्ष वाटते. १९६१ चा अॅप्रेंटिस कायदा आहे. त्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय अॅप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेची वर्कशॉप, मुंबईचं माझगाव डॉक, कोचीन शिपयार्ड, भेल, ही सगळी ठिकाणं ट्रेड अॅप्रेंटिस घेतात. रेल्वेत लेव्हल-१ च्या भरतीत अॅप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा असतात. पण मला विचाराल तर याहून मोठा फायदा वेगळाच आहे. त्या वर्षात तुमच्या शेजारी तीस वर्षं हेच काम केलेला माणूस उभा असतो, आणि चूक केली तर नोकरी जात नाही.

मोठी कंपनी मिळाली नाही तर? बहुतेकांना मिळत नाही. तेव्हा छोट्या शॉपमध्ये जा, पण चार गोष्टी विचारून जा. होल्डर कधी मिळणार? काम कोणत्या प्रक्रियेचं आहे: आर्क, सीओटू की अर्गॉन? टेस्ट घेता का, आणि तिच्या कागदाची प्रत मला देता का? काच, हातमोजे, बूट कोण देणार? चारही उत्तरं मनासारखी मिळणार नाहीत, पण मालक या प्रश्नांवर चिडला तर तेही उत्तरच समजा.

कागदाचं का म्हणतो? कारखान्यात पास झालेल्या वेल्डरला एक नंबर मिळतो. तो प्रत्येक जोडाशेजारी आपला नंबर टाकतो. पुढे एक्स-रेत खोट निघाली तर कोणाचा जोड ते लगेच कळतं. फौजेत खांद्यावर रँक असते, इथे पाइपवर नंबर असतो. पण ही टेस्ट त्या कंपनीच्या नावावर असते. दुसरीकडे गेलात की साधारणपणे पुन्हा द्यावी लागते. आणि एएसएमईच्या नियमानुसार सलग सहा महिने त्या प्रक्रियेनं काम केलं नाही, तर पात्रता संपते. बॉयलर आणि त्याच्या वाफेच्या पाइपांसाठी तर इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सखाली बॉयलर खात्याची वेगळी परीक्षा आहे. म्हणून प्रत्येक टेस्टच्या कागदाची झेरॉक्स ठेवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. आणि एक वही करा: तारीख, कोणती प्रक्रिया, कोणता धातू, किती व्यास, किती जोड, किती रिपेअर आले. पाइप वेल्डरचं काम इंच-डायात मोजतात. आठ इंची पाइपचा एक जोड म्हणजे आठ इंच-डाया. ज्याच्या वहीत हे लिहिलेलं असतं, तो मुलाखतीत बोलताना अडखळत नाही. ठेकेदाराकडे असाल तर यूएएन नंबर मागून घ्या आणि पीएफ खरंच भरला जातोय का, ते स्वतः मोबाइलवर बघा.

आता आखाताचं. दर वर्गात पाच-सहा जण पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, दुबई?" जायला हरकत नाही, पण आधी इथे टेस्ट पास व्हा. दहावी झालेली नसेल, तर तुमच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येतो आणि आखातात नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. म्हणून मुक्त विद्यालयातून दहावी करून टाका. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. शेत गहाण टाकून लाख-दीड लाख देणारा बाप मी पाहिला आहे. पोरगा सहा महिन्यांत परत आला, कर्ज मात्र घरीच राहिलं.

शरीराबद्दल दोन मिनिटं, कारण हे हत्यार पुन्हा विकत मिळत नाही. आर्क उघड्या डोळ्यांनी बघितली की रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. मग पोरं बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतात आणि सकाळी परत तेच. एकदा चुकून झालं तर समजू शकतो, सवय लागली तर डोळे जातील. काच लावा. नायलॉनचा टी-शर्ट घालू नका, ठिणगीनं तो वितळून कातडीला चिकटतो, सुती घाला. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर काम असेल तर जोडाच्या जागचं जस्त आधी घासून काढा, नाहीतर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आणि धूर हलका घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकला. पंखा, एक्झॉस्ट, मास्क मागा. मागायला लाज कसली?

लाजेचा विषय निघाला तर तोही बोलून टाकू. आमच्याकडे एक मुलगी आहे. ठेकेदारानं तिला सांगितलं, साइटवर मुलींची सोय नाही. मग ती स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या शॉपमध्ये गेली, दूध आणि औषधाच्या कारखान्यांना लागतात तशा. पातळ पत्रा, अर्गॉनचं काम, हात जराही हलून चालत नाही. आज ती तिथली चांगली वेल्डर आहे. पण तिची आई शेजारणींना सांगते, "ती कंपनीत आहे." वेल्डर आहे, असं म्हणत नाही.

ही लाज आपल्या मराठी मध्यमवर्गाची आहे आणि मी त्यातलाच. आपल्याला पोरगं ऑफिसात हवं. वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं, प्राध्यापक गज्जरांच्या हाती ते सोपवलं. हातानं काम करणाऱ्याला शास्त्र शिकवायचं आणि त्याच्या कामाला प्रतिष्ठा द्यायची, ही त्यामागची दृष्टी होती. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. ती वास्तू आजही इथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विभागात उभी आहे. तिच्यासमोरून जाताना मला माझी सही आठवते. उत्कृष्ट असं लिहिलं, पण त्या हाताची किंमत मी तेव्हा जाणली नव्हती.

पुढे रस्ते आहेत, हेही सांगतो. चार-पाच वर्षांनी रिफायनरीच्या शटडाउनची कामं मिळतात. कोणी एक्स-रे आणि अल्ट्रासॉनिक तपासणीच्या परीक्षा देऊन इन्स्पेक्शनकडे वळतो. कोणी एक वर्षाचा प्रशिक्षकाचा कोर्स करून आयटीआयमध्ये शिकवतो. तिरुचिरापल्लीत भेलची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, तिथे पुढचं प्रशिक्षण मिळतं. आणि कोणी गावी जाऊन ट्रॉल्या, गेट, शेडची कामं घेतो. आमचा एक मुलगा तसा गेला आहे. त्यानं ६-जी कधी दिली नाही आणि त्याचं काही अडलं नाही. फक्त तोसुद्धा आधी दोन वर्षं दुसऱ्याच्या शॉपमध्ये, होल्डर हातात घेऊन, मालकाच्या मटेरियलवर चुका करून आला होता.

शेवटी हवालदाराचं. मी त्याला म्हटलं, पुन्हा टेस्ट दे, मी सराव करवून घेतो. तो म्हणाला, "साहेब, आता बारीक दिसत नाही. राहू द्या." मी फार आग्रह केला नाही. तो हक्क मी कधीच गमावला होता.

पण त्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी त्याला आयटीआयमध्ये घेऊन आलो. तो शेडमध्ये गेला. एक पोरगा रॉड ओढत होता. हवालदारानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "आर्क लांब झाली. जवळ घे." पोरगा दचकला. "तुम्ही तर बघत नाहीये काका." तो म्हणाला, "आवाज ऐक. कढईत भजी तळताना कसा एकसारखा आवाज येतो, तसा आला पाहिजे. फटफट झालं की समज हात वर गेला."

तेव्हापासून तो दर आठवड्याला येतो. दोन तास थांबतो, चहा घेतो, जातो. मागच्या बॅचमधल्या एका पोरानं पहिल्याच टेस्टला पाइप पास केला आणि पेढे घेऊन आला. मी म्हटलं, आधी काकांना दे. हवालदारानं पेढा बाजूला ठेवला आणि विचारलं, "रॉड भाजून घेतले होते का?"

ऐकणाऱ्यांत आयटीआयची मुलं असतील, तर उद्या गेटवर जाताना पहिला प्रश्न तोच विचारा. होल्डर हातात कधी येणार? पालक असाल, तर मुलाला पहिल्या वर्षी पगार विचारू नका. संध्याकाळी घरी आला की विचारा, आज किती जोड मारलेस? आणि माझ्यासारखे कोणाच्या तरी कागदावर सही करणारे असाल, तर सही करण्याआधी एकदा विचारा, हा माणूस इथून बाहेर पडल्यावर कोणत्या गेटवर उभा राहणार आहे, आणि तिथे त्याच्यापुढे काय ठेवणार आहेत.

जय हिंद.